सरकला कोण? प्लूटोच्या कक्षेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या आकाशदर्शन गटात एक प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच: प्लूटो काही वर्षे नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ येतो, मग दोघांची टक्कर कशी होत नाही? मागच्या हंगामात तो नववीतल्या एका मुलीने विचारला. गटातल्या ज्येष्ठ सभासदाने नेहमीचे उत्तर दिले: प्लूटोची कक्षा तिरपी आहे, त्यामुळे तो नेपच्यूनच्या वाटेच्या वरून निघून जातो. मुलगी थांबली नाही. "पण ती तिरपी झालीच कशी?" त्यावर आमच्यापैकी कोणाकडेच धड उत्तर नव्हते. हे टिपण तिच्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. आणि पहिल्या प्रश्नाचे आम्ही वर्षानुवर्षे दिलेले उत्तरही अर्धेच होते, हे मला ते लिहिताना कळले.

प्लूटो 18 फेब्रुवारी 1930 रोजी सापडला. अमेरिकेत ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा तरुण एकाच आकाशभागाच्या, काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा आलटून पालटून पाहत होता. 23 आणि 29 जानेवारीच्या काचांवर एक ठिपका सरकलेला दिसला. थोड्याच काळात त्याच्या कक्षेचा हिशेब झाला आणि सगळे बुचकळ्यात पडले. बाकीचे मोठे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत, जवळजवळ वर्तुळात फिरतात. प्लूटोची कक्षा त्या पातळीशी 17 अंशांनी कललेली, आणि लांबट. सूर्य–पृथ्वी अंतराला एक खगोलीय एकक म्हणतात. त्या मापाने नेपच्यून सतत 30 एककांवर असतो, तर प्लूटो कधी 29.7 वर येतो, कधी 49 च्या पुढे जातो. 1979 ते 1999 ही वीस वर्षे तो खरोखरच नेपच्यूनच्या आत होता.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर यांनी 1911 मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे गणित मांडले होते. त्यांनी त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांनी 38.95 एकके आणि फेरा 242.28 वर्षांचा काढला. एकोणीस वर्षांनी सापडलेल्या प्लूटोचे आकडे 39.5 एकके आणि 248 वर्षे. गुरूच्या चंद्रांचे फेरे जसे साध्या पूर्णांकांच्या नात्यात बांधलेले आहेत, तसे बाहेरच्या ग्रहांचेही असतील, या कल्पनेवर ते गणित उभे होते. नेमके नाते त्यांनी धरले ते नव्हते, युरेनस आणि नेपच्यून तसे बांधलेले नाहीत, आणि विष्णू कधी सापडला नाही. आकडा जुळला तो बहुतांशी योगायोगाने, असेच मी म्हणेन. पण बाहेरच्या सूर्यमालेत पूर्णांकांची नाती शोधायला हवीत, ही त्यांची दिशा या प्रकरणात शेवटी मोलाची ठरते.

अडचण

पहिला धक्का 1965 मध्ये बसला. कोहेन आणि हबर्ड या दोघांनी अमेरिकी नौदलाच्या त्या काळच्या बलाढ्य संगणकावर बाहेरच्या ग्रहांच्या गती 1,20,000 वर्षांपर्यंत चालवून पाहिल्या. त्यात दिसले की नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेवढ्या वेळात प्लूटोचे बरोबर दोन होतात. 165 गुणिले 3 म्हणजे 495, आणि 248 गुणिले 2 म्हणजे 496. ही जवळीक वरवरची नाही, ती कुलूपबंद आहे. नेपच्यून मागून येऊन प्लूटोला गाठतो तेव्हा प्लूटो आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाजवळ असतो, दर वेळी. गाठ पडण्याची ती जागा थोडी मागेपुढे डोलते, एक हेलकावा साधारण 20,000 वर्षांचा, पण ती जवळच्या टोकाकडे कधी येत नाही. प्लूटो सूर्याजवळ येतो तेव्हा नेपच्यून सरासरी 90 अंश बाजूला असतो. परिणाम असा की दोघांतले अंतर सुमारे 17 एककांच्या खाली जातच नाही. प्लूटो युरेनसच्या याहून जवळ जाऊ शकतो.

या बांधणीला अनुनाद म्हणतात. टक्कर टळते ती मुख्यतः त्यामुळे. तिरपेपणाचीही मदत होते, कारण सूर्याजवळच्या टोकाशी असताना प्लूटो ग्रहांच्या पातळीपासून बराच वर असतो. पण आम्ही गटात फक्त तिरपेपणा सांगत आलो होतो.

म्हणजे उलगडायच्या गोष्टी तीन झाल्या: लांबटपणा, तिरपेपणा आणि कुलूप. यांतली एक असती तर अपघात म्हणून सोडून देता आली असती. तिन्ही एकत्र असताना, आणि त्यातही कुलूप असे की त्याच्यामुळेच प्लूटो जिवंत राहिला असताना, अपघाताची भाषा पुरत नाही.

समोर असलेले पर्याय

*प्लूटो हा नेपच्यूनचा निसटलेला चंद्र.* 1936 मध्ये रेमंड लिटलटन यांनी हा विचार मांडला. नेपच्यूनचा मोठा चंद्र ट्रायटन उलट्या दिशेने फिरतो. प्लूटोची आणि त्याची जुनी भेट झाली, एक उलटा फिरला आणि दुसरा बाहेर फेकला गेला, अशी ती गोष्ट. एका दगडात दोन पक्षी मारणारी, म्हणून ती अनेक दशके टिकली. तिला खरा हादरा 1978 मध्ये बसला. प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान मोजता आले: आपल्या चंद्राच्या एक पंचमांशाहूनही कमी. 1984 मध्ये विल्यम मॅकिनन यांनी दाखवले की एवढासा प्लूटो ट्रायटनसारख्याला उलटा फिरवू शकत नाही. 1989 मध्ये व्हॉयेजर 2 नेपच्यूनजवळून गेले आणि ट्रायटन प्लूटोपेक्षा जड आहे हे पक्के झाले.

*प्लूटो जन्मतःच असा.* म्हणजे प्रश्नच मिटवून टाकायचा. पण धूळ आणि बर्फाच्या चपट्या तबकडीत हळूहळू वाढणारा पिंड सपाट, गोल कक्षेतच जन्मायला हवा. लांबट आणि तिरप्या कक्षांत शेजारी एकमेकांवर इतक्या वेगाने आदळतात की पिंड वाढण्याऐवजी फुटतात.

*प्लूटो लाखो वर्षांत आपोआप इथवर पोचला.* 1988 मध्ये ससमन आणि विस्डम यांनी खास बनवलेल्या यंत्रावर 84.5 कोटी वर्षांची गती चालवली, तेव्हा प्लूटोची गती गणिती अर्थाने अनियमित असल्याचे दिसले. साधारण दोन कोटी वर्षांच्या टप्प्यात बारीकशी चूक कित्येक पट होते. मग या अनियमिततेनेच तो कुलपात शिरला असेल का? अडचण अशी की एवढे असूनही प्लूटो कुलपाच्या आतच राहतो. आत राहण्याचे कारण मिळाले, आत येण्याचे नाही.

*नेपच्यून सरकला.* चौथा पर्याय छापील स्वरूपात 1984 पासूनच उपलब्ध होता, फक्त तो प्लूटोबद्दल नव्हता. उरुग्वेचे हुलियो फर्नांडेझ आणि विंग-हुएन इप यांनी ग्रह तयार होत असतानाच्या शेवटच्या टप्प्याचे गणित केले. तेव्हा नेपच्यूनभोवती असंख्य बर्फाळ पिंड होते. नेपच्यून त्यांतल्या काहींना आत ढकलतो. ते शनीकडे, मग गुरूकडे जातात. आणि गुरू एवढा जड की तो त्यांना सूर्यमालेबाहेर भिरकावून देतो. या देवाणघेवाणीत गुरू किंचित आत सरकतो आणि शनी, युरेनस व नेपच्यून बाहेर. एकेका पिंडाचा धक्का नगण्य, पण पिंड अब्जावधी.

निर्णय आणि कृती

1993 मध्ये ह्यूस्टनच्या ल्यूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या रेणू मल्होत्रा यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. (त्या हैदराबादेत वाढलेल्या, दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या.) नेपच्यून बाहेर सरकत असेल, तर त्याच्या अनुनादाच्या जागाही त्याच्याबरोबर बाहेर सरकतील. मग वाटेत शांतपणे फिरणाऱ्या पिंडांचे काय होईल?

कोकणातल्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल तर हे डोळ्यांसमोर येते. जाळे पाण्यातून सरकते आणि वाटेतली मासळी त्याच्याबरोबर येते. अनुनादाची जागाही तशीच पिंड गोळा करत जाते. त्याला अटी आहेत: सरकणे मंद हवे, पिंडाची कक्षा आधी जवळजवळ गोल हवी, आणि अनुनाद पिंडाकडे आतून बाहेर येत हवा. नेपच्यून आत सरकला असता तर कोणीच अडकले नसते. मात्र रापणीत मासा तसाच राहतो, इथे राहत नाही. नेपच्यून पकडलेल्या पिंडाला बाहेर ओढतो तेव्हा त्याला ऊर्जा आणि कोनीय संवेग (सूर्याभोवती फिरण्याच्या जोराचे माप) एका ठराविक प्रमाणात देतो. मोठ्या गोल कक्षेसाठी या ऊर्जेच्या मानाने जेवढा कोनीय संवेग हवा, तेवढा मिळत नाही. ती तूट कक्षा लांबट होऊन भरून निघते.

इथे मला सर्वांत आवडणारा भाग येतो, कारण तो कागदावर दोन ओळींत करता येतो. कक्षेचा लांबटपणा मोजणाऱ्या आकड्याला विमध्यता म्हणतात. गोल कक्षेसाठी तो शून्य. 3:2 अनुनादात, म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांना पिंडाचे दोन या नात्यात, गोल कक्षेतून अडकलेल्या पिंडासाठी नियम असा: शेवटच्या विमध्यतेचा वर्ग म्हणजे नेपच्यूनचे अंतर जितक्या पटीने वाढले त्या पटीच्या नैसर्गिक लॉगरिदमचा एक तृतीयांश. प्लूटोची विमध्यता 0.25. वर्ग 0.0625, त्याची तिप्पट 0.1875. ज्या पटीचा लॉगरिदम 0.1875 येतो ती पट सुमारे 1.21. नेपच्यून आज 30.1 एककांवर आहे, 1.21 ने भागले की 25 च्या आसपास येते. म्हणजे प्लूटो पकडला गेला तेव्हा नेपच्यून आजच्यापेक्षा सुमारे पाच एकके आत होता, आणि प्लूटो स्वतः 33 एककांच्या जवळ, शांत गोल कक्षेत.

एका छोट्या पिंडाच्या लांबटपणावरून एका महाकाय ग्रहाचा प्रवास मोजला गेला. तोवर सगळे प्लूटोच्या विचित्रपणाचे कारण प्लूटोतच शोधत होते. हा या प्रकरणातला कळीचा निर्णय, असे माझे मत आहे: स्थिर मानलेली गोष्ट हलती मानून पाहणे.

दुसरा निर्णय तितकाच धाडसाचा. प्लूटो एकच आहे, आणि एका उदाहरणावर काहीही जुळवता येते. पण रापण एकच मासा ओढत नाही. मल्होत्रा यांनी 1995 मध्ये सविस्तर मांडले की नेपच्यून खरोखर सरकला असेल तर 3:2 आणि 2:1 या अनुनादांत पिंडांची दाटी सापडायला हवी. हे विधान खोटे ठरणे सहज शक्य होते.

दरम्यान दुर्बिणीकडे

डेव्हिड जुइट आणि जेन लू 1987 पासून नेपच्यूनपलीकडचे पिंड शोधत होते. पाच वर्षांनी, 30 ऑगस्ट 1992 रोजी, हवाईतल्या मौना केआवरच्या 2.2 मीटर दुर्बिणीतून त्यांना पहिला मिळाला. त्याला 1992 क्यूबी1 असे नाव पडले, आज तो ॲल्बियन म्हणून ओळखला जातो. त्याची कक्षा जवळजवळ गोल, 44 एककांच्या आसपास. अनुनादाशी त्याचा संबंध नव्हता. सप्टेंबर 1993 मध्ये मात्र एकापाठोपाठ चार पिंड मिळाले आणि ते प्लूटोच्याच अंतराचे वाटत होते.

वाटत होते, एवढेच तेव्हा म्हणता येत होते. अडीचशे वर्षांचा फेरा असलेल्या वस्तूची काही आठवड्यांची हालचाल पाहून कक्षा ठरवणे म्हणजे शर्यतीतल्या धावपटूचे एक पाऊल पाहून तो कोणत्या गावी जाणार हे सांगणे. पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा निरीक्षणे घेतल्यावरच ती कुलपे पक्की झाली. मग अशा पिंडांची संख्या वाढत गेली, आणि त्यांना 'प्लूटिनो' हे नाव मिळाले.

निष्पत्ती

भाकीत मुख्य मुद्द्यावर खरे ठरले. 3:2 मध्ये आज शेकडो ज्ञात पिंड आहेत, 2:1 आणि इतर अनुनादांतही आहेत. नेपच्यून सरकला, हे आता या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य आहे. 2005 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराशी जोडलेल्या गटाने गुरूपासून नेपच्यूनपर्यंतच्या चारही ग्रहांचे सरकणे एकत्र मांडले. त्यातल्या काही तपशिलांवर, विशेषतः हे सगळे नेमके कधी घडले यावर, नंतर फेरविचार झाला. सरकण्याची मूळ कल्पना टिकली.

पण तिरपेपणाने छळले. संथ, गुळगुळीत सरकण्यातून लांबटपणा सहज येतो, मोठा तिरपेपणा नाही. प्लूटोचे 17 अंश एकवेळ समजावता येतात, पण 30 अंशांच्या आसपास कललेले प्लूटिनोही आहेत. 2003 मध्ये रॉड्नी गोमेस यांनी दाखवले की नेपच्यूनने आधी भिरकावलेले काही पिंड नंतर कमी लांबट, पण तिरप्या कक्षांत स्थिरावू शकतात. 2015 मध्ये डेव्हिड नेस्व्होर्नी यांनी या तिरपेपणाच्या वाटणीवरून उलट हिशेब केला: नेपच्यूनचे सरकणे किमान एक कोटी वर्षांच्या मापाने मंद असले पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. 44 एककांजवळ सपाट, गोल कक्षांच्या पिंडांचा एक दाट पुंजका आहे. नेपच्यून 28 एककांजवळ असताना दुसऱ्या एका ग्रहाच्या ओढीने अचानक अर्ध्या एककाएवढा उडाला असेल, तर त्याच क्षणी 2:1 च्या जाळ्यातून सुटलेले पिंड तिथे मागे राहतील. रापणीला हिसका बसला आणि मासळीचा ढीग वाटेत सांडला, असे काहीसे.

काही पिंड मात्र कधी जाळ्यात आलेच नाहीत. 42 ते 47 एककांच्या पट्ट्यात लालसर, सपाट कक्षांत फिरणाऱ्या पिंडांतले बरेच जोडीने फिरतात, आणि काही जोड्यांमधले अंतर एवढे मोठे की नेपच्यून जवळ आला असता तर त्या तुटल्या असत्या. ते जन्मले तिथेच आहेत. 1 जानेवारी 2019 रोजी न्यू होरायझन्स यान यांतल्याच एका पिंडाजवळून, ॲरोकोथजवळून गेले. सुमारे 36 किलोमीटर लांबीचा हा पिंड दोन चपट्या गोळ्यांचा आहे, आणि ते गोळे हळुवार टेकून एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. जोरात आदळल्याची खूण नाही. प्लूटो आपल्या जागेवरून ओढला गेला, ॲरोकोथ तसाच राहिला, आणि दोघे नेपच्यूनपलीकडच्या एकाच मोठ्या पट्ट्यात आहेत.

वेगळे काय करता आले असते

निसटलेल्या चंद्राची कल्पना फार काळ टिकली. 1936 मध्ये ती वाजवी होती. पण 1965 मध्ये कुलूप सापडल्यावर तिला कठोर प्रश्न विचारायला हवा होता: फेकलेला चंद्र नेमका संरक्षण देणाऱ्या अनुनादात कसा जाऊन पडेल? वस्तुमान मोजले जाईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

1984 ते 1993 ही नऊ वर्षेही मला खटकतात. सरकणारा नेपच्यून एका शोधनिबंधात होता, कुलूप दुसऱ्यात. ग्रह कसे बनले याचा अभ्यास करणारे आणि ग्रहांच्या गतीचे गणित करणारे वेगवेगळ्या प्रश्नांवर काम करत होते. केतकरांच्या काळी पूर्णांकांचे नाते हा सूर्यमालेचा कायमचा आराखडा मानला जाई. तो आराखडा नसून एखाद्या प्रक्रियेचा मागे उरलेला ठसा असू शकतो, हे मनात रुजायला ऐंशी वर्षे लागली.

दुर्बीण कुठे रोखायची, हा निर्णयही सुरुवातीला पुरेशा काळजीने नोंदला गेला नाही. प्लूटिनो सूर्याजवळच्या टोकाशी असताना सर्वांत तेजस्वी दिसतात, आणि कुलपामुळे तेव्हा नेपच्यून त्यांच्यापासून साधारण 90 अंशांवर असतो. म्हणजे नेपच्यूनच्या दिशेला शोधणाऱ्याला प्लूटिनो कमी मिळणार आणि बाजूला शोधणाऱ्याला जास्त. कोणत्या रात्री कुठे पाहिले, किती अंधुक वस्तू दिसू शकत होती, आणि काय दिसले नाही, हे लिहून ठेवले नाही तर सापडलेल्यांची मोजदाद दिशाभूल करते. शिवाय सुरुवातीचे बरेच पिंड पुन्हा न पाहिल्यामुळे हरवले. 2013 ते 2017 या काळात मौना केआवर झालेल्या ओसॉस या सर्वेक्षणाने ही चूक सुधारली. त्यांनी आठशेहून अधिक पिंड शोधले, त्यांचा पाठपुरावा केला आणि आपल्या सर्वेक्षणाच्या मर्यादा आकड्यांत जाहीर केल्या. चिलीतली रुबिन वेधशाळा आता याच कामाला लागत आहे.

शेवटची गोष्ट गणितातल्या सोयीची. कितीतरी वर्षे प्रतिकृतींमध्ये नेपच्यून गुळगुळीत रेषेवर सरकवला जात होता, कारण तसे करणे सोपे आणि स्वस्त होते. त्यातून अनुनादांत प्रत्यक्षापेक्षा फार जास्त पिंड अडकत. 2016 मध्ये नेस्व्होर्नी आणि व्होक्रोह्लित्स्की यांनी रेषा खडबडीत केली: वाटेत प्लूटोएवढे मोठे पिंड असतील तर प्रत्येक भेटीत नेपच्यून किंचित हिसकतो, अनुनाद थरथरतो आणि काही पिंड गळून पडतात. प्रमाण जुळायला असे 1,000 ते 4,000 पिंड लागतात. आज नेपच्यूनपलीकडे त्या वजनाचे दोनच माहीत आहेत, प्लूटो आणि एरिस. त्या मुलीला मी हे सगळे चार भेटींत सांगितले. चौथ्या भेटीत तिने विचारले, बाकीचे कुठे गेले, आणि आम्ही पुन्हा फर्नांडेझ–इप यांच्या गणिताकडे वळलो: आत ढकलले गेलेले, गुरूपर्यंत पोचलेले, आणि तिथून बाहेर भिरकावले गेलेले.